अकरा हात काठ

"पुन्हा मोज," अनुसयाबाई म्हणाल्या.

मी पुन्हा मोजला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. असे अकरा हात भरले आणि काठ संपला. अंगणात गोधडी पसरली होती, पाच हात लांब, चार हात रुंद. तिची एक लांब बाजू झाली, एक आखूड बाजू झाली, दुसऱ्या लांब बाजूवर जेमतेम दोन हात पुढं सरकले, आणि माझ्या हातात जांभळ्या काठाचं टोक राहिलं.

"जोड देते," मी म्हणाले. "दुसऱ्या अंगाचा काठ आहेच की."

"जोड देता येतो गं. पण द्यावा का लागतोय?" अनुसयाबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "लुगड्याचा काठ अठरा हात भरतो. तुझ्या चारी बाजू मिळून अठरा. म्हणून तर तुला म्हटलं, सासूच्या लुगड्याचा काठ घे, बिनजोड बसेल. मग सात हात गेले कुठं?"

ही ब्याऐंशी सालची, बार्शीतली गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते, लग्नाला साडेतीन वर्षं झाली होती आणि आयुष्यातली पहिली गोधडी शिवत होते. अनुसयाबाई आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला. निम्म्या गल्लीच्या गोधड्या त्यांच्या हातच्या. धावदोरा एका ओळीत कसा ठेवायचा, घडी कशी पडू द्यायची नाही, हे सगळं त्यांनी मला शिकवलं. मधला भाग पुरा व्हायला तीन आठवडे लागले होते. आता उरलं होतं चारी बाजूंना काठ लावणं आणि शेवटी कडेनं गोट घालणं, म्हणजे कापडाची पट्टी दुमडून सगळ्या उघड्या कडा आत घेणं. "काठ लावला की गोधडी दिसते," अनुसयाबाई म्हणायच्या, "आणि गोट घातला की टिकते."

कपड्यांचं गाठोडं सासूबाईंनी स्वतः ट्रंकेतून काढून दिलं होतं. "माझी जुनी लुगडी आहेत. फाड बिनघोर." गोधडी होती सुमनसाठी. सुमन म्हणजे सासूबाईंच्या मोहोळच्या भावाची मुलगी. दसऱ्यानंतर ती शिवणक्लास करायला दोन महिने आमच्याकडं राहायला येणार होती. पाहुणीला जुनं अंथरूण कसं द्यायचं, म्हणून नवी गोधडी.

शिवणक्लास मोहोळलाही होता. ते मला माहीत होतं. आणि आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, हेही माहीत होतं. मला मूल नव्हतं. साडेतीन वर्षांत सासूबाईंनी मला कडू पाले वाटून पाजले, सोळा सोमवार करवले, कुणाकुणाचा अंगारा लावला. गेल्या वर्षापासून त्यांनी हे सगळं अचानक थांबवलं होतं. त्या थांबण्याचीच मला जास्त भीती वाटत होती. मी टाके घालत होते आणि मनात येत होतं, ही गोधडी पाहुणीची, की माझ्या जागी येणारीची?

मी काठ फाडून उरलेलं लुगडं घेऊन आत गेले. सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, बरीच कामं त्या हातानं चाचपूनच करायच्या.

"आत्याबाई, हे जांभळं लुगडं तुमचंच ना?"

"माझंच. दुसऱ्या कुणाचं असणार?"

"काठ कमी भरला. अकराच हात."

त्यांचे हात थांबले. "फाटलं असंल मागं. टोक काढून टाकलं असंल."

"दोन्ही टोकं शाबूत आहेत. पदरही आहे."

"इकडं दे." त्यांनी कापड घेतलं, अंगठ्यानं कडेवरून चाचपत नेलं, मग डोळ्यांच्या अगदी जवळ धरलं. "हे राहू दे. दुसऱ्याचा काठ लाव."

"पण मी फाडलंय की आता. निम्मा शिवूनही झाला."

"मग जाळून टाक!" त्या एकदम ओरडल्या. लगेच आवाज खाली आणला. "जुनं झालंय गं ते. जीव नाही त्यात."

कापडात चांगला जीव होता.

अंगणात अनुसयाबाईंनी काठाची आतली बाजू उन्हात धरली होती. "इकडं बघ. खालच्या कडेला ही बारीक भोकं दिसतात? ओळीनं आहेत. कधीकाळी फॉल लावलेला होता." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "लुगड्याला कुणी फॉल लावतं का?"

सासूबाई जन्मभर नऊवारी नेसल्या. नवऱ्याला बहीण नव्हती. घरात पाचवारी नेसणारी बाई एकच होती, ती म्हणजे मी. आणि ही साडी माझी नव्हती.

गुरुवारी सासूबाई भगवंताच्या देवळात जायच्या. ट्रंकेची किल्ली त्यांच्या कमरेला असे. पण माळ्यावर एका पोत्यात जादा भांडी बांधून ठेवलेली होती, त्यांना कुलूप नव्हतं. त्या गुरुवारी मी स्टुलावर चढले आणि पोतं खाली घेतलं. काय शोधत होते ते माझं मलाही सांगता आलं नसतं.

चार ताटं, दोन तांबे आणि एक मोठा स्टीलचा डबा. डब्यावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेलं होतं: सौ. वैजयंता भालचंद्र नकाते हिस सप्रेम भेट. किसन हिंगमिरे, कुर्डुवाडी.

वैजयंता म्हणजे मीच. माहेरी माझं नाव कुसुम; लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं वैजयंता लिहिलं आणि तेव्हापासून मी वैजयंता झाले. त्यामुळं आधी हायसं वाटलं. माझाच डबा, माझ्याच लग्नात आलेला. मग पुढची ओळ वाचली. ता. ९-५-७४.

माझं लग्न एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत झालं. चौऱ्याहत्तर साली मी अंबाजोगाईला शाळेत होते, दोन वेण्या घालून. हिंगमिरे नावाचं कुणी मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मी डबा परत पोत्यात घातला नाही. धान्याच्या कोठीमागं लपवला.

संध्याकाळी भालचंद्र वीज मंडळातून घरी आले. त्या काळी मी त्यांना नावानं हाक मारत नसे; आता सांगताना मारते. हात-पाय धुऊन ते जेवायला बसले, सासूबाई बाहेर ओट्यावर होत्या. मी डबा त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

त्यांनी वाचलं. वाचायला वेळ लागला नाही. "कुठं सापडला?" त्यांनी विचारलं.

हे काय आहे, असं त्यांनी विचारलं नाही. कुठं सापडला, एवढंच.

"कोण होती?"

"लग्न झालं होतं माझं. आधी." त्यांचा घास हातातच होता. "ती गेली."

"गेली म्हणजे?"

"गेली. आता तो विषय नको. आईलाही काही विचारू नकोस." आणि ते जेवू लागले. वाढलेलं सगळं संपवून उठले.

मी दुसऱ्या दिवशी अनुसयाबाईंना सगळं सांगितलं. आमच्या लग्नाआधी महिनाभरच नकाते कुटुंब अकलूजहून बदलीनं बार्शीत आलं होतं. गल्लीत कुणाला मागचं काही ठाऊक नव्हतं. माझ्या वडिलांनीही चौकशी केली ती बार्शीत, आणि बार्शीनं सांगितलं, माणसं निर्व्यसनी आहेत.

अनुसयाबाई सुईत दोरा ओवत होत्या. तो त्यांनी खाली ठेवला. "गेली म्हणजे वारली, का घरातून गेली? दोन्हीला आपण गेलीच म्हणतो."

तोपर्यंत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग मात्र दुसरं काही येईना. त्या वर्षांत दर दोन-तीन महिन्यांनी कुठून तरी बातमी यायची, स्टोव्हचा भडका उडाला, सून भाजली. आमच्याकडं पितळी स्टोव्ह होता. तो पेटवताना मी दाराकडं तोंड करून बसू लागले. सासूबाई रॉकेलचा डबा चाचपत शोधू लागल्या की मी उठून अंगणात जायचे. भालचंद्र निजले की मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहायचे. हा माणूस मला कधी उंच आवाजात बोलला नव्हता. आणि साडेतीन वर्षांत त्यानं मला ही एवढी गोष्ट सांगितली नव्हती.

कुर्डुवाडीला जायला निमित्त हवं होतं. तेही अनुसयाबाईंनीच काढलं. त्या सासूबाईंना म्हणाल्या, "कुर्डुवाडीत एक लेडी डॉक्टर बसते म्हणे. मूल नसणाऱ्यांना गुण येतो. मी घेऊन जाते हिला." सासूबाई क्षणभर घुटमळल्या. गावाचं नाव त्यांना टोचलं असावं. पण नाही म्हणायला कारण सापडेना. "जाऊन या," त्या म्हणाल्या. "आता काय व्हायचंय म्हणा."

बार्शीहून अरुंद रुळांवरची छोटी गाडी होती. पिशवीत मी तो डबा घेतला होता. कुर्डुवाडीच्या बाजारात हिंगमिरे विचारल्यावर एका पोरसवद्या पानवाल्यानं लगेच दोर-सुतळीचं दुकान दाखवलं. गादीवर एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. मी डबा पुढं ठेवला.

त्यांनी तो हातात घेऊन फिरवला. "हा मी दिलेला. पुतणीच्या लग्नात. तुम्ही कोण?"

"वैजयंता नकाते."

ते उभे राहिले. माझ्याकडं, मग अनुसयाबाईंकडं पाहत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "नाव पण तेच ठेवलं?"

अनुसयाबाईंनीच विचारलं, "तुमची पुतणी आहे ना? म्हणजे… हयात?"

"न असायला काय झालं? रेल्वे कॉलनीत राहते. जा, भेटा. मी येत नाही."

मी दुकानाच्या पायरीवरच बसले. अनुसयाबाईंनी पाणी मागून घेतलं, मला पाजलं, आणि मग आम्ही निघालो.

दार उघडलं तिनंच. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, सावळी, काखेत वर्षाचा मुलगा. मागं तीनेक वर्षांची एक मुलगी पाटीवर रेघोट्या ओढत होती. मी नाव सांगितलं. ती दारातून बाजूला झाली आणि म्हणाली, "या. कितवं वर्ष?"

"चौथं चालू आहे."

"हं." तिनं चटई टाकली. "मलाही चौथ्यातच माहेरी धाडलं. गुण आला की नेऊ म्हणाले. सहा महिन्यांनी सही करायला कागद आला. माझं नाव कमल. वैजयंता तिकडचं."

"नाव तेच का ठेवलं असेल?" मी विचारलं. कशाकशाबद्दल विचारायचं ठरवून गेले होते, आणि तोंडातून हे निघालं.

कमल हसली. "रेशनकार्डावर होतं ना! आत्याबाई म्हणाल्या असतील, कशाला खाडाखोड करायची."

अनुसयाबाई म्हणाल्या, "तुमची जांभळी साडी राहिली होती तिथं. हिनं तिचा काठ गोधडीला लावला. कळलं नाही हो हिला."

"आईनं घेतली होती. लावू द्या, चांगला काठ आहे." तिनं मुलाला मांडीवर घेतलं. त्याच्या पाठीवर थोपटत सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमची तपासणी केली का कुणी?"

"नाही. पाले आणि उपास."

"माझी केली होती. सोलापूरला, सत्त्याहत्तर साली. डॉक्टर म्हणाले, बाईंत दोष नाही, मालकांना पाठवा. ते गेले. रिपोर्टचं पाकीट खिशात घालून घरी आले. आत्याबाईंनी विचारलं, काय म्हणाला डॉक्टर? तर म्हणाले, हिच्यातच आहे."

बाहेर इंजिनाची शिट्टी झाली. मुलीनं पाटीवरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"तुम्ही बोलला नाहीत?" मी विचारलं.

"कुणाला? पाकीट त्यांच्या खिशात. आणि खरं सांगू, मलाही खात्री नव्हती. वाटायचं, डॉक्टर आपलं बरं वाटावं म्हणून बोलला असंल. काकांनी दुसरं लग्न लावलं तेव्हाही मी भीतभीत उभी राहिले. ही झाली," तिनं मुलीकडं बोट केलं, "तेव्हा कळलं."

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परतलो.

दसरा झाला. मामा सुमनला घेऊन रविवारी येणार होते. माझ्या हातात तीन दिवस होते, त्यात मी गोधडी पुरी केली. दुसऱ्या काठाचा जोड दिला. जोड लपवायचा प्रयत्न केला नाही. मग माझ्या एका जुन्या लाल पातळाची उरेबी, म्हणजे तिरपी पट्टी कापली आणि गोट घालायला घेतला. कोपऱ्यावर पट्टी दुमडताना ती फुगते. तिथं घाई चालत नाही. चौथा कोपरा झाला तेव्हा शनिवारची दुपार होती. भालचंद्र घरी होते. सासूबाई झोपल्या होत्या.

मी दोरा तोडला आणि म्हणाले, "मी डॉक्टरकडं गेले नव्हते. कमलकडं गेले होते. तिला दोन मुलं आहेत."

ते वर्तमानपत्र वाचत होते. पेपर हलला नाही.

"उद्या मामा येतील. काय ठरवायला येणार आहेत ते तुम्हाला माहीत आहे. जे सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं ते तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन."

रविवारी पंगत बसली. सुमन एकोणीस वर्षांची, हसरी मुलगी होती. तिनं गोधडीवर हात फिरवून, "वैनी, किती छान गोट घातलाय!" म्हटलं. जेवता जेवता मामा म्हणाले, "पोरीला राहू द्या इकडंच आता. वैजयंतालाही हातभार लागेल. घर भरल्यासारखं वाटेल."

"तेच म्हणते मी," सासूबाई म्हणाल्या. "नुसत्या भिंतींकडं किती दिवस बघायचं?"

मी भालचंद्रांकडं पाहिलं. ते भात कालवत होते. कालवून झालेला भात पुन्हा कालवत होते. मी वाढायचं भांडं खाली ठेवलं. "सुमन, नव्या नावाची सवय करून ठेव बरं का. इथं येईल तिचं नाव वैजयंता. रेशनकार्ड तयारच आहे."

"काय बोलतेस गं?" सासूबाई ओरडल्या.

"थांब," भालचंद्र म्हणाले. मला म्हणाले, की आईला, कळलं नाही. त्यांची मान ताटावर होती. "आई, दोष माझ्यात आहे. माझ्यानं मूल होणार नाही. सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं."

मामांचा हात ताटात थांबला. सुमन उठून स्वयंपाकघरात गेली.

"कधी?" सासूबाईंनी विचारलं.

"सत्त्याहत्तर साली."

"म्हणजे हिला आणायच्या आधी."

"हो."

"आणि त्या पोरीला धाडायच्याही आधी."

सासूबाई उष्ट्या हातानं तशाच बसून राहिल्या. "मी त्या पोरीला चाळीस दिवस मीठ खाऊ दिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "अंगातला दोष जावा म्हणून. तू समोर बसून जेवत होतास, भालू. मीठ लावून जेवत होतास."

चारच्या गाडीनं मामा सुमनला घेऊन परत गेले.

दुसऱ्या दिवशी मी अंबाजोगाईला जायला निघाले. सासूबाई दारापर्यंत आल्या. चाचपत माझा हात धरला आणि विचारलं, "तुझं माहेरचं नाव काय गं? विसरले बघ मी." मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

भालचंद्र पिशवी घेऊन स्टँडवर आले. गाडी लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "परत येशील ना?"

"आधी कुर्डुवाडीला जा. काल घरात बोललात ते तिच्या दारात बोला. मग मला विचारा."

"ती ऐकेल?"

"ते तिचं ती बघेल."

तीन आठवड्यांनी ते अंबाजोगाईला आले. वडील त्यांच्याशी बोलले नाहीत. ते ओसरीवर बसले, मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले.

"जाऊन आलो," ते म्हणाले.

"काय म्हणाली?"

"घरात घेतलं नाही. दारातच उभं केलं. नवऱ्याला हाक मारली. सासूला बोलावलं. शेजारच्या दोघी-तिघी बायांना बोलावलं. आणि म्हणाली, आता बोला."

"बोललात?"

"बोललो. तर म्हणाली, ऐकू येत नाही, मोठ्यानं बोला."

"मग?"

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मोठ्यानं बोललो."

तेव्हा कुठं मी आत गेले आणि त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून आणला. बार्शीला परत जायला मात्र मी आणखी पाच महिने लावले.